पाड्यावरचा राखणदार

पाड्यावर कुत्रा घर, कोंबड्या, शेत राखतो. त्याला भाकरी-भाताबरोबर कधी उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी द्यावी. कांदा-लसणाचे कालवण नको, त्याने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजलेले हाड तुटून आतड्याला टोचते.

खाताना तो गुरगुरला तर मारू नये. ‘दूर राहा’ एवढेच तो सांगत असतो. मार बसला की गुरगुरणे सोडतो आणि एकदम चावतो. म्हणून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वाढावे व मुलांना दूर ठेवावे.

चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद-चुना लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.