शब्द, मौन आणि दृश्य : येशूचरित्रावरील चित्रपट व ख्रिस्ती दृष्टी

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा करताना ‘मूळ संहितेशी इमान’ हा निकष बहुधा प्रथम पुढे येतो. बायबलमधील कथांवर आधारलेल्या चित्रपटांना तर तो अधिकच कठोरपणे लावला जातो. कारण येथील मूळ संहिता श्रद्धावंतांच्या दृष्टीने ईश्वरी वचन असते. तथापि ख्रिस्ती प्रतिक्रियांचा इतिहास पाहता या निकषाची मर्यादा लक्षात येते. शुभवर्तमानांनी मोकळ्या सोडलेल्या जागा चित्रपट कशाने भरतो आणि त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. प्रस्तुत लेखात येशूच्या जीवनावरील काही निवडक चित्रपटांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

येशूला पडद्यावर दाखवावे काय, हा पहिला प्रश्न. दहा आज्ञांमधील प्रतिमानिषेधाचा आधार घेऊन प्रॉटेस्टंट पंथातील, विशेषतः कॅल्व्हिनच्या परंपरेतील, अनेकांनी अशा चित्रणास विरोध केला. उलट आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने असे प्रतिपादन केले होते की, देवाने मानवी देह धारण केल्यामुळे त्या देहाचे चित्रण शक्य व उचित ठरते. इ. स. ७८७ च्या निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांच्या आदराला मान्यता दिली. हा जुना वाद चित्रपटाच्या काळातही जिवंत राहिला. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाच्या आरंभीच्या दोन निर्बंधांपैकी एक ख्रिस्ताला पडद्यावर साकारण्यासंबंधी होता. आणि १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये येशू येतो, परंतु त्याचा चेहरा दिसत नाही.

चेहरा दाखवायचा ठरला तरी मूळ संहिता मदत करीत नाही. येशूच्या रूपाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत नाही. त्यांतील निवेदन त्रोटक असून, एकाच प्रसंगाचे तपशीलही सर्वत्र सारखे नाहीत. लेखकाला मौन पाळता येते. कॅमेऱ्यासमोर मात्र कोणता तरी चेहरा, कोणता तरी पोशाख, कोणती तरी भूमी असावीच लागते. म्हणून प्रत्येक चित्रपट अपरिहार्यपणे भाष्य ठरतो. मराठीच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध पुराणाच्या घाटात मांडली, तेव्हा श्रोत्यांच्या संस्कारांनुसार तिला नवे रूप लाभले. प्रेक्षकही स्वतःची भर घालतो. ख्रिस्तावरील चित्रपट पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे कृष्णचरित्र उभे राहिल्याचे दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात नमूद केले होते.

या संदर्भात पिएर पाओलो पासोलिनी यांचा १९६४ चा मत्तयकृत शुभवर्तमानावरील इटालियन चित्रपट उद्‌बोधक ठरतो. दिग्दर्शक मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी. चित्रपट मात्र दिवंगत पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केलेला. संवाद मत्तयाच्या संहितेतून घेतलेले. पॅलेस्टाइनऐवजी दक्षिण इटलीतील मातेरा व आसपासचा दरिद्री प्रदेश, व्यावसायिक नटांऐवजी सामान्य माणसे, येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, आणि पार्श्वभूमीला बाखच्या संगीताबरोबर आफ्रिकी ‘मिस्सा लूबा’, अशी त्याची घडण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मरीयेच्या तोंडी एकही वाक्य नाही. पासोलिनी हे मौन जपतात. आरंभी गर्भवती मरीया आणि तिच्याकडे पाहणारा योसेफ यांचे चेहरे निःशब्दपणे समोर येतात. योसेफाची व्यथा संवादाविना कळते.

परंतु हाच चित्रपट क्रूसाजवळ आल्यावर मत्तयाला सोडतो. मत्तय क्रूसाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख करतो. त्यांत येशूच्या आईचा स्पष्ट निर्देश नाही. क्रूसाजवळ उभी असलेली आई योहानाच्या शुभवर्तमानातील आहे. पासोलिनींनी ती येथे आणली आणि वृद्ध मरीयेची भूमिका स्वतःच्या आईला दिली. संहितानिष्ठ म्हणून वाखाणलेल्या कृतीतील हा प्रक्षेप ख्रिस्ती प्रेक्षकांना सहसा खटकला नाही, कारण ‘दुःखी माते’ची प्रतिमा त्यांच्या भक्तिपरंपरेत रुजलेली होती. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ महत्त्वाच्या चित्रपटांत त्याचा समावेश झाला.

याउलट मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ (१९८८) कझान्टझाकिस यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. आपण शुभवर्तमानांवर आधारलेलो नाही, असे तो आरंभीच सांगतो. तरीही तीव्र निदर्शने झाली आणि पॅरिसमधील एका चित्रपटगृहाला आग लावण्यात आली. येशू पूर्णतः देव आणि पूर्णतः मानव आहे, हा कॅल्सिडनच्या परिषदेचा (४५१) सिद्धान्त बहुतेक प्रमुख चर्चेसना मान्य आहे. पण त्या मानवत्वात मोह व संशय कुठवर कल्पावेत, याबाबत एकमत नव्हते.

इमानाच्या निकषाची खरी कसोटी मात्र मत्तय २७:२५ या वचनापाशी लागते. येथे जमाव येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो. या वचनाच्या आधारे ज्यूंवर शतकानुशतके दोषारोप झाला. ज्यू संघटनांच्या आक्षेपांनंतर सेसिल बी. डिमिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’मध्ये (१९२७) बदल करण्यात आले, त्यात कयफा सारा दोष एकट्यावर घेतो. मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये (२००४) ते वचन अरामी भाषेत राहिले, त्याचे उपशीर्षक तेवढे गाळले गेले. अस्सलपणाचा दावा करणाऱ्या या चित्रपटातील अनेक तपशील ॲन कॅथरिन एमेरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतून आले आहेत, हेही विसरता येत नाही. त्या काळच्या सरसकट सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष ठेवता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले होते. त्याला अनुसरून अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या एका समितीने १९८८ साली दुःखसहनाच्या नाट्यरूपांसाठी निकष प्रसिद्ध केले. ‘हे बायबलमध्येच आहे’ एवढे उत्तर निर्मात्याला पुरणार नाही, त्याने आपल्या निवडीचेही समर्थन केले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे.

ही भूमिका माध्यमांतराच्या अभ्यासालाही उपकारक आहे. चार शुभवर्तमानांतून एक कथा बांधणे म्हणजे वेचणे, जोडणे आणि गाळणे होय. शब्दशः निष्ठा या जबाबदारीतून रूपांतरकाराला मुक्त करीत नाही. रक्ताचा दोष घेणारे वाक्य मत्तयात आहे, तर क्रूसाजवळची आई मत्तयात नाही; तरीही एकाने पिढ्यान्‌पिढ्या हिंसेला आधार पुरविला आणि दुसरीने प्रेक्षकाच्या मनात करुणा जागविली. अशा चित्रपटांचे मूल्यमापन करताना मुळाशी असलेल्या साम्याची मोजदाद करून थांबता येणार नाही. रूपांतरकाराची प्रत्येक निवड तपासणे अगत्याचे ठरते.