पाठांतराला फुटलेली वाचा

शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्या आपल्यापैकी किती जणांना संस्कृतात प्यायला पाणी मागता येईल? गुण पैकीच्या पैकी, पण तोंड बंद!

लॅटिन शिकवणाऱ्या युरोपलाही हेच कोडं पडलं होतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेनं १५६० मध्येच वार्षिक लॅटिन नाटक नियमांत घातलं. जेझुइटांच्या शाळांतही लॅटिन नाटकं होत. पण ती समारंभाची. रोजचा तास व्याकरणाचाच.

नाटकाला थेट तासात आणलं ते कोमेनियसनं. मोरावियात जन्मलेला आणि धर्मयुद्धात देशोधडीला लागलेला हा शिक्षक १६५० मध्ये हंगेरीतल्या शारोशपातकला आला. सुमारे आठ हजार शब्द हजारेक वाक्यांत गुंफणारं त्याचं लॅटिन पुस्तक तोवर युरोपभर गाजलं होतं. त्याच पुस्तकाची त्यानं आठ नाटकं केली. राजा टॉलेमी दरबार भरवतो, जाणकार येतात आणि झाडाझुडपांपासून कारागिरांच्या हत्यारांपर्यंत सगळ्याची नावं सांगतात. शाळेत असले खेळ कशाला, म्हणून सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. तरी प्रयोग झाले आणि १६५६ मध्ये ‘स्कोला लुडुस’ या नावानं नाटकं छापूनही आली. नाटक म्हणून ती रुक्षच. संघर्षाचा पत्ता नाही. पण पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याला आता बोलणारा होता आणि ऐकणाराही.

एकोणिसाव्या शतकात व्याकरण आणि भाषांतर यांनी पुन्हा वर्ग व्यापला. केंब्रिजच्या पर्स शाळेत १९०२ पासून मुख्याध्यापक असलेल्या राउझ यांनी लॅटिनचा तास लॅटिनमध्येच घ्यायला सुरुवात केली, तेव्हा छोटे नाट्यप्रवेश परतले. १९७८ मध्ये ॲलन मेली आणि ॲलन डफ यांच्या भाषा शिकवण्याच्या नाट्यतंत्रांवरच्या पुस्तकानं तर संहिता आणि प्रेक्षक दोन्ही बाजूला ठेवले. उरला तो प्रसंग आणि त्यात सुचेल ते बोलणं.

हा सगळा प्रवास आपल्याकडे राज्य संस्कृत नाट्यस्पर्धेच्या एखाद्या तालमीतही दिसतो. संवाद तिथेही पाठच केलेले असतात. फरक इतकाच, की समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपलं वाक्य येत नाही. आणि एखाद्या दिवशी समोरचा चक्क वाक्य गाळतो. प्रॉम्प्टर पान शोधत असतो. तेवढ्यात वेळ मारून न्यायला दुसरा घाईघाईनं काहीतरी बोलतो. विभक्ती चुकते, पण ते वाक्य कुठल्याही पुस्तकात नसतं, त्याचं स्वतःचं असतं.