क्लचचा जोडबिंदू

क्लचचा जोडबिंदू : मोटारगाडीचा क्लच सुटलेल्या स्थितीतून हळूहळू जोडला जात असताना त्याची घर्षण तबकडी ज्या स्थितीत एंजिनाचा टॉर्क (फिरविणारी प्रेरणा) प्रथम वाहून नेऊ लागते, त्या स्थितीस जोडबिंदू म्हणतात. क्लच पायाने चालविणाऱ्यास हा बिंदू तळपायाला जाणवतो आणि तो सवयीनेच कळतो. ज्या गाड्यांत क्लचची पायपट्टी नसते व क्लच सोडण्या-जोडण्याचे काम यंत्रणेकडे असते, त्यांत मात्र हा बिंदू एका अंकाच्या रूपाने नियंत्रक संगणकाच्या स्मृतीत नोंदवून ठेवावा लागतो. हा अंक खऱ्या स्थितीशी जुळवून घेणे म्हणजे जोडबिंदूचे समायोजन होय.

अशा गाडीतील दंतचक्र पेटी (गिअर पेटी) व कोरडा क्लच हे हाताने गिअर बदलावयाच्या गाडीतल्यासारखेच असतात. द्रवाच्या माध्यमातून शक्ती पोहोचविणाऱ्या नेहमीच्या स्वयंचलित प्रेषणाशी त्यांचे साम्य नाही. फरक एवढाच की, चालकाच्या पायाची व हाताची जागा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनी घेतलेली असते. चालक सुकाणू चक्रामागील पट्ट्या ओढून फक्त हुकूम देतो. या योजनेचा उगम शर्यतीच्या गाड्यांत आहे. जॉन बार्नर्ड यांनी आराखडा केलेल्या फेरारी ६४० या गाडीत ती प्रथम यशस्वी झाली. २६ मार्च १९८९ रोजी नायजेल मॅन्सेल यांनी या गाडीची पहिलीच शर्यत (ब्राझीलमधील) जिंकली. मात्र पुढे त्या हंगामात ती वारंवार बंद पडत राहिली. १९९७ मध्ये ही पद्धत फेरारीच्या एफ ३५५ या रस्त्यावरील गाडीत आली. ३६० मोडेना (१९९९), लँबोर्गिनी गायार्दो (२००३), फेरारी एफ ४३० (२००४) इ. गाड्यांतही ती उपलब्ध होती.

विद्युत् चलित्रावर चालणारा पंप तेल दाबाखाली साठवून ठेवतो. नियंत्रकाच्या आज्ञेने झडप उघडली की हे तेल क्लच सोडविणारा धारवा (बेअरिंग) पुढे सरकविते आणि पटल स्प्रिंगेचा जोर उतरून तबकडी मोकळी होते. धारवा किती सरकला हे स्थिती संवेदक मोजतो. त्याच्या एकूण सरकण्यातील थोडा भागच खऱ्या उपयोगाचा असतो. तबकडी पूर्ण मोकळी असेपर्यंतचा प्रवास शक्य तितक्या झपाट्याने उरकावयाचा आणि जोडबिंदूपासून पुढचा प्रवास मात्र एंजिनाचा वेग, वेगवर्धक पट्टीची स्थिती व चाकांचा वेग पाहून बेताने करावयाचा, असा नियंत्रकाचा क्रम असतो. झपाटा कोठे आवरावयाचा हे त्याला नोंदलेल्या अंकावरूनच समजते. फेरारीच्या कारागिरांत हा अंक ‘पीआयएस’ या इटालियन आद्याक्षरांनी ओळखला जातो. सरकण्याच्या आरंभाचा बिंदू असा त्याचा अर्थ आहे.

नोंदलेला बिंदू खऱ्या बिंदूच्या सुटलेल्या बाजूस राहिला, तर नियंत्रकास अपेक्षित असलेला टॉर्क क्लच वाहून नेत नाही. एंजिन नुसतेच वेगाने फिरते, गाडी रेंगाळत निघते आणि तबकडी गरजेपेक्षा जास्त वेळ घासत राहते. याउलट तो जोडलेल्या बाजूस राहिला, तर झपाट्याच्या टप्प्यातच तबकडी पकडली जाते व गाडी हिसका देऊन निघते किंवा एंजिन बंद पडते. हिसका लगेच लक्षात येतो म्हणून त्याची तक्रार होते. घसरण मऊ वाटते म्हणून ती खपून जाते. प्रत्यक्षात जास्त नुकसान घसरणीनेच होते. १,५०० किग्रॅ. वजनाची गाडी स्थिर स्थितीतून सेकंदास ५ मी. वेगापर्यंत नेताना तिला सु. १९,००० जूल गतिज ऊर्जा मिळते. एंजिनाचा वेग व टॉर्क स्थिर राहिले आणि त्या वेगालाच क्लच पूर्ण जुळला, तर जवळजवळ तेवढीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने क्लचमध्ये जिरते. समायोजन बिनचूक असतानाची ही गोष्ट आहे. एंजिन त्याहून वेगाने फिरू लागले व घसरण लांबली की उष्णता पुष्कळच वाढते. चढावर मागे घेत गाडी इंच इंच सरकवून उभी करणे हे या क्लचला शर्यतीपेक्षाही जाचक ठरते.

जोडबिंदू एका जागी स्थिर राहात नाही, हीच मूळ अडचण आहे. तबकडीचे अस्तर झिजले की दाबपट्टिका प्रचक्राच्या (फ्लायव्हीलच्या) दिशेने सरकते, स्प्रिंगेच्या जिभा उलट दिशेने बाहेर येतात आणि त्याबरोबर क्लच पूर्ण जुळल्याची स्थितीही बदलते. नव्या क्लचच्या मानाने ही स्थिती किती हलली यावरून झिजेचा अंदाज घेतात. झीज आणि जोडबिंदू ही दोन भिन्न मापे आहेत. पण पुष्कळदा त्यांची गल्लत होते. उष्णतेनेही बिंदू तात्पुरता सरकतो. त्यामुळे एंजिन व पेटी नेहमीच्या कार्यकारी तापमानाला आल्यानंतरच मोजमाप घेणे योग्य असते. क्लच थंड असताना अथवा नुकताच फार तापलेला असताना घेतलेला अंक फसवा असतो.

मोजमापाची एक सर्वसाधारण रीत अशी आहे : पेटी निष्क्रिय स्थितीत (न्यूट्रलमध्ये) ठेवून एंजिन मंद गतीने चालू ठेवतात व क्लच पूर्ण सोडवितात. पेटीचा आदान दंड थांबला की धारवा अगदी सावकाश परत आणतात. तबकडीच्या ओढीने दंड ज्या स्थितीला फिरू लागतो, ती संवेदकावरून नोंदवितात. एकाच मापावर न विसंबता ही क्रिया काही वेळा करतात. सुरुवातीच्या गाड्यांत हा अंक निदान उपकरण जोडून कारागिरास भरावा लागे. नंतरच्या गाड्यांतील नियंत्रक तो वेळोवेळी स्वतःच शिकून घेऊ लागले. तरीही क्लच, धारवा, स्थिती संवेदक किंवा नियंत्रक बदलल्यास आणि तेलमार्ग उघडून त्यातील हवा काढल्यास हे काम पुन्हा करावे लागते.

समायोजनाने झिजलेले अस्तर परत येत नाही. मळलेली अथवा तेल लागलेली तबकडी, अडकणारा धारवा आणि बिघडलेला संवेदक यांच्यामुळेही हिसके बसतात. अशा वेळी अंक मागेपुढे करून मिळणारा आराम थोडे दिवसच टिकतो. उलट, नुसता अंक चुकलेला असताना चांगला क्लच उतरवून टाकला जाण्याचाही संभव असतो. क्लच उतरविण्याचे काम अशा गाड्यांत फार खर्चाचे असल्याने आधी मोजमाप करून पाहणे हिताचे ठरते.

फेरारीने कॅलिफोर्निया (२००८) या गाडीपासून दुहेरी क्लचची पेटी स्वीकारली. लँबोर्गिनीने मात्र आव्हेंतादोर (२०११–२२) या गाडीत एकेरी क्लचच कायम ठेवला. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ या लहान गाडीबरोबर हीच पद्धत स्वस्त रूपात आली. तिचे घटक फेरारीच्या यंत्रणेत वाटा असलेल्या मान्येती मारेल्ली या इटालियन कंपनीचे होते. [⟶ घर्षण, मोटारगाडी].