सायकस: पाम नव्हे आणि साबुदाण्याचं झाडही नव्हे

बंगल्याच्या फाटकापाशी, हॉटेलच्या दारात, सोसायटीच्या हिरवळीवर हमखास दिसणारं सायकस नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून विकलं जातं. पाम समजूनच ते वाढवलं जातं आणि बहुतेक वेळा त्यापायीच मरतं.

नारळ-सुपारीला फुलं येतात. सायकसला येतच नाहीत. त्याची भावकी पाइन, देवदार आणि गिंकोशी. नर आणि मादी झाडं वेगळी. नराच्या शेंड्यातून उभा पिवळसर शंकू निघतो, तर मादीच्या शेंड्यात लवदार गड्डा धरतो आणि त्यात शेंदरी बिया असतात. १८९६ साली जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांना याच झाडात नेच्यांसारख्या पोहत जाणाऱ्या शुक्रपेशी सापडल्या. बी धरणाऱ्या झाडात असं काही प्रत्यक्ष दिसणं तेव्हा अगदी नवं होतं.

‘डायनासोरच्या काळातलं झाड’ हे अर्धसत्य. कुळ डायनासोरांहूनही जुनं आहे खरं. पण २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांत घडल्या. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

वाढ होत नाही म्हणून पाणी वाढवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतं. महिनोन्महिने सारं जिथल्या तिथे असतं. मग शेंड्यातून नव्या पानांचं चक्र एकदमच वर येतं, कोवळी पाती आत गुंडाळलेली. हे झाड मूळचं दक्षिण जपानच्या किनारी, खडकाळ उतारांवरचं. मेणचट पानं, खोडातला साठा आणि नत्र मिळवून देणारे जीवाणू पोसणारी पोवळ्यासारखी मुळं, एवढ्यावर ते कोरड्या दिवसांत तग धरतं. साचलेल्या पाण्यात मात्र त्याचा कंद सडतो. कुंडीतली माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावं. निचरा चांगला हवाच.

नवी पालवी कुरतडलेली दिसली, तर दोष खताचा नसतो. ‘प्लेन्स क्युपिड’ या छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्या कोवळ्या पात्यांवरच जगतात. पालवी फुटताना रोज पाहून अळ्या वेचल्या, तर वर्षाचं एकुलतं चक्र वाचतं.

उपवासाच्या साबुदाण्याशीही या झाडाचा संबंध नाही. आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदांपासून, मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. सायकसच्या खोडात स्टार्च असतो, पण सोबत सायकॅसिन हे विषही असतं. अमामी आणि ओकिनावा बेटांवरचे लोक ते धुऊन, आंबवून खात. १९२० च्या दशकात साखरेचे भाव कोसळले, ओकिनावात उपासमार झाली आणि नीट न शुद्ध केलेला स्टार्च खाऊन माणसं दगावली.

बिया सर्वांत विषारी. एखाद-दुसरी बीही कुत्र्याचं यकृत निकामी करू शकते. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील, तर मादी झाडावरचा गड्डा बिया लाल होण्याआधीच हातमोजे घालून काढून टाकावा.