दुसऱ्यांच्या तबकड्या, आपली रात्र : पॉल ओकनफोल्ड आणि डीजेचं काम

सुरुवातीलाच एका शब्दाचा घोळ मिटवून टाकू. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘यंदा मिरवणुकीला डीजे लावलाय’ असं आपण सहज म्हणतो. म्हणजे आपल्या मराठीत डीजे ही भाड्यानं आणून लावायची वस्तू झाली. (हशा) मूळ शब्द आहे डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या चालवणारा माणूस. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पॉल ओकनफोल्ड हा असा माणूस. लंडनचा, जन्म १९६३चा, आणि शिक्षणानं स्वयंपाकी.

आता तुम्ही म्हणाल, तबकडी लावायला काय अक्कल लागते? गाणं दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं गायलं, हा फक्त वाजवतो. मग त्याचं नाव पोस्टरवर सगळ्यांत मोठं का? हा प्रश्न योग्य आहे. ओकनफोल्डची सगळी कारकीर्द याच प्रश्नाभोवती फिरते, म्हणून मी तोच निवडला. त्याच्याहून सर्जनशील डीजे ब्रिटनमध्ये झाले, अँड्र्यू वेदरॉलचं नाव मी आधी घेईन. पण या व्यवसायाचा आकार कसा बदलत गेला ते ओकनफोल्डच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

आधी काम समजून घेऊ. डीजेपुढे दोन टर्नटेबल असतात आणि मधे एक मिक्सर. एका तबकडीचं गाणं लोकांना ऐकू जातंय, दुसरीचं फक्त याच्या हेडफोनमध्ये. समजा, चालू गाणं मिनिटाला १३६ ठोक्यांचं आहे आणि पुढचं १३०चं. टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी असते. त्या काळच्या प्रसिद्ध टेक्निक्स टर्नटेबलवर आठ टक्के वर किंवा खाली जाता येई. १३०चं १३६ करायचं तर साधारण साडेचार टक्के वाढवायचं. पण तबकडीचा वेग वाढवला की सूरही चढतो! म्हणजे लय जुळवताना सुरांची टक्कर होणार नाही हे बघायचं. आणि नुसती लय जुळून भागत नाही. या संगीतात वाक्य बहुधा ३२ ठोक्यांचं असतं, म्हणजे आपल्या त्रितालाची दोन आवर्तनं धरा. नवं गाणं बरोबर समेवर यायला हवं. तबल्याची साथ ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सम चुकली की नाचणाऱ्याचा पाय अडखळतो, कारण त्याला कळो न कळो, त्याच्या पायाला कळतं.

हे झालं हाताचं कौशल्य. ते सहा महिन्यांत येतं. खरं काम त्याच्या पुढचं: कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर, आणि किती वाजता. रात्री अकराला जे गाणं फुकट जाईल तेच तीनला हजार माणसांना वेडं करील. मैफलीत भैरवी शेवटी का असते, तसाच हा हिशोब.

हा हिशोब ओकनफोल्ड कुठे शिकला? थोडा न्यूयॉर्कमध्ये; तिथे तो पोरवयात राहिला आणि पॅराडाइज गराज नावाच्या क्लबात लॅरी लेव्हन या डीजेला ऐकलं. परत आल्यावर चॅम्पियन रेकॉर्ड्स या कंपनीत कलाकार हुडकायचं काम केलं. डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स ही जोडी त्यानं ब्रिटनसाठी करारबद्ध केली. त्यातला फ्रेश प्रिन्स म्हणजे पुढचा विल स्मिथ. कान चांगला होता, एवढं यावरून म्हणता येईल.

पण खरा प्रकार घडला १९८७च्या उन्हाळ्यात, स्पेनच्या इबिझा बेटावर. ओकनफोल्डचा चोविसावा वाढदिवस, म्हणून चार मित्र तिकडे गेले: तो, डॅनी रॅम्पलिंग, निकी हॉलोवे आणि जॉनी वॉकर. चौघंही लंडनचे डीजे. तिथे अॅम्नेशिया नावाच्या, वर छप्पर नसलेल्या क्लबात अल्फ्रेडो नावाचा अर्जेंटिनाचा माणूस वाजवत असे. हा पूर्वीचा पत्रकार. त्याच्याकडे सोवळं-ओवळं नव्हतंच. शिकागोचं हाऊस, मग एखादं पॉप, मग स्पॅनिश गिटार, मग रॉक, सगळं एकाच रात्रीत. लंडनमध्ये तेव्हा सोलवाले सोलच्या क्लबात आणि रॉकवाले रॉकच्या. या चौघांना तिथे धक्का बसला तो हा. त्यात एक्स्टसी ही गोळीही होती, ते लपवण्यात अर्थ नाही. त्या संगीताच्या प्रसारात तिचा वाटा होता आणि पुढे जी किंमत मोजावी लागली तिच्यातही होता.

परत आल्यावर रॅम्पलिंगनं लंडनमध्ये एका व्यायामशाळेत ‘शूम’ सुरू केलं. ओकनफोल्डनं १९८८मध्ये ‘हेवन’ या मोठ्या क्लबात ‘स्पेक्ट्रम’ ही रात्र सुरू केली, आणि वार निवडला सोमवार! मंगळवारी सकाळी कामावर जायचं असताना सोमवारी रात्रभर नाचायला कोण येणार? सुरुवातीला कोणी आलं नाही. पैसे बुडत होते. मग काही आठवड्यांत बाहेर रांगा लागल्या. वर्तमानपत्रांनी गोळ्यांवरून आरडाओरडा केल्यावर त्या रात्रीचं नाव बदलून ‘लँड ऑफ ऑझ’ केलं. नाव बदललं, रात्र तीच.

आता ‘निर्माता’ या शब्दाकडे येऊ. डीजे स्टुडिओत शिरला तो रिमिक्सच्या दारानं. आपल्याला रिमिक्स म्हणजे जुन्या हिंदी गाण्याला मागून ढोल चिकटवणं वाटतं. ओकनफोल्ड आणि त्याचा जोडीदार स्टीव्ह ऑस्बोर्न वेगळं करत. गाण्याचं ध्वनिमुद्रण अनेक पट्ट्यांवर असतं: आवाज वेगळा, गिटार वेगळं, ड्रम वेगळे. त्यातलं जे हवं ते ठेवायचं, बाकी सोडायचं आणि खाली नवा सांगाडा उभारायचा. भिंत राहते, पाया बदलतो. १९९२मध्ये यू-टू या आयरिश बँडच्या ‘ईव्हन बेटर दॅन द रिअल थिंग’चं असं रिमिक्स त्यांनी केलं. ब्रिटनच्या यादीत मूळ गाणं १२व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, रिमिक्स गेलं ८व्यापर्यंत. जगातल्या सगळ्यांत मोठ्या बँडपैकी एकाचं गाणं, आणि त्याच्यापेक्षा त्याचं रिमिक्स वर! पुढे यू-टूच्या झू टीव्ही दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी स्टेडियममध्ये तबकड्या वाजवायला ओकनफोल्डच होता.

माझ्या मते मात्र त्याचं सर्वोत्तम काम त्याआधीचं आहे. मँचेस्टरचा हॅपी मंडेज हा बँड. पोरं बेशिस्त, वादन सैल. १९९०चा त्यांचा अल्बम ‘पिल्स एन थ्रिल्स अँड बेलीएक्स’ ओकनफोल्ड-ऑस्बोर्न जोडीनं लॉस एंजेलिसमध्ये केला. रॉकच्या निर्मात्यानं बँडला एकत्र बसवून ‘नीट वाजवा’ म्हटलं असतं. यांनी डीजेसारखा विचार केला: आधी ठोक्यांचं एक चक्र पक्कं करायचं, ते फिरत ठेवायचं आणि त्यावर बँडचं जे चांगलं येईल ते रचायचं. बँडचा सैलपणा त्या पक्क्या चक्रावर लोंबकळतो आणि तीच त्याची मजा होते. नाचाचं संगीत आणि रॉक यांच्यातली भिंत ब्रिटनमध्ये ज्या रेकॉर्डांनी पाडली, त्यांत हा अल्बम वरचा आहे.

याच सुमारास त्यानं ‘परफेक्टो’ ही स्वतःची कंपनी काढली. आणि आता आपण गोव्याला येतो.

गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर सत्तरीच्या दशकापासून परदेशी हिप्पी पौर्णिमेच्या रात्री जागवत. ऐंशीच्या दशकात तिथे रॉक मागे पडलं आणि यंत्रांवरचं संगीत आलं. गोवा गिल या नावानं ओळखला जाणारा सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही आणि लॉराँ नावाचा फ्रेंच माणूस ही त्यातली जुनी नावं. तिथे तबकड्या चालत नसत, उष्म्यानं वाकड्या होत. म्हणून कॅसेट, पुढे डॅट नावाची डिजिटल टेप. आता मघाचं आठवा: टेपला तशी सरकपट्टी नाही, म्हणजे लय जुळवणं जमणार नाही. मग गाणी अशी होऊ लागली की सुरुवातीला आणि शेवटी ठोकाच नाही, नुसता तरंगणारा नाद. एक विरत जातं, दुसरं उगवतं. ‘गोवा ट्रान्स’च्या त्या लांबलचक, धुक्यासारख्या सुरुवातींमागे अध्यात्म किती होतं कोण जाणे, हवामान नक्की होतं. (हशा)

हे संगीत ओकनफोल्डनं उचललं. १८ डिसेंबर १९९४ला बीबीसी रेडिओ वनच्या ‘इसेन्शियल मिक्स’मध्ये त्याचा दोन तासांचा कार्यक्रम झाला. तो ‘गोवा मिक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात मॅन विथ नो नेमसारख्यांचं ट्रान्स आहे, आणि मधेमधे ठोका पूर्ण थांबवून चित्रपटांचं पार्श्वसंगीत येतं, ‘ब्लेड रनर’साठी व्हँजेलिसनं केलेलं, वगैरे. क्लबात मिनिटभर ठोका थांबला तर लोक पाणी प्यायला निघून जातात. रेडिओवर ते धाडस करता आलं. बिछान्यात पडून ऐकणाऱ्यासाठी रचलेलं नाचाचं संगीत!

तारीख लक्षात ठेवा. त्याच्या दीड महिनाच आधी ब्रिटनच्या संसदेनं एक कायदा पक्का केला होता. त्यात रात्री उघड्यावर शंभर किंवा जास्त माणसं जमवून मोठ्यानं संगीत वाजवण्यावर पोलिसांना अधिकार दिले, आणि ‘संगीत’ या शब्दात सलग पुनरावृत्त ठोक्यांचे आवाजही धरले जातील असं कलमातच लिहिलं. कायद्यानं तालाची व्याख्या करायची वेळ आली! परिणाम असा की माळरानावरची फुकटची रात्र संपत गेली आणि चार भिंतींतले, तिकिटाचे, मोठे क्लब फोफावले. त्यांतल्या लिव्हरपूलच्या ‘क्रीम’मध्ये ओकनफोल्ड १९९७पासून ठरलेला डीजे होता. १९९८ आणि १९९९ अशी दोन्ही वर्षं डीजे मॅगझिनच्या वाचकांनी त्याला पहिला क्रमांक दिला. तबकड्या लावणारा आता स्टार झाला होता, आणि त्याला स्टार व्हायला त्या कायद्यानंही मदत केली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण त्यात मला रस कमी आहे. ‘स्वोर्डफिश’ चित्रपटाचं संगीत २००१मध्ये, स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम ‘बंका’ २००२मध्ये. त्यातलं ‘स्टारी आईड सरप्राइज’ खूप गाजलं, पण अल्बम म्हणजे पाहुण्यांची गर्दी, यजमान सापडत नाही. मग लास वेगास, मॅडोनाच्या दौऱ्यात सुरुवातीचं वादन, २०१७ला एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, २०१८ला स्टोनहेंजपाशी. जागा मोठ्या होत गेल्या. संगीताबद्दल तसं म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ‘गोवा’ हे नाव जगभरच्या तबकड्यांवर गेलं, पण त्या इतिहासात गोवेकरांची नावं शोधायला गेलात तर हात जवळपास रिकामे येतात. त्या रात्रींत स्थानिक बायका होत्या. वाळूवर चटया अंथरून, कंदील लावून पहाटेपर्यंत चहा आणि ऑम्लेट विकत. नाचून दमलेले त्यांच्याच चटईवर पडत. अरुण सालढाणा या भूगोलाच्या अभ्यासकानं ‘सायकेडेलिक व्हाइट’ या पुस्तकात हे नीट मांडलंय: एकाच किनाऱ्यावर कोण नाचत होतं, कोण विकत होतं आणि कोण कुठे, किती वाजता दिसत होतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद व्हायचे झाले. त्यानं गावाला झोप मिळाली आणि काहींचा धंदाही गेला. दोन्ही खरं आहे, आणि हणजूणमध्ये यावर आजही एकमत नाही.

घरी गेल्यावर ‘गोवा मिक्स’ ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचा ठोका त्यात येतच नाही. आणि ठोका थांबेल तिथे घड्याळ बघा, किती वेळ तो तुम्हाला थांबवून ठेवतो ते. चला, आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंना माइक द्या.