मधुमेहींचा डबा कसा भरावा?

मोरा बंदरावरून सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणारे, जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आल्यापासून रेल्वेने नवी मुंबई गाठणारे आणि न्हावाशेव्याच्या बंदरात पाळीने काम करणारे, या सर्वांच्या पिशवीत एक वस्तू हमखास असते. ती म्हणजे जेवणाचा डबा. यांच्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांची दुपारची रक्तशर्करा किती राहणार, हे बरेचसे पहाटे डबा भरतानाच ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आमच्याकडे येणारे रुग्ण नेहमी विचारतात, "डॉक्टर, गोड पूर्ण बंद केले, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, तरी साखर वाढते कशी?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा डब्यातच सापडते.

साखर केवळ गोडात नसते

भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, साबुदाणा हे सारे पिष्टमय पदार्थ आहेत. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. आपल्याकडच्या नेहमीच्या डब्याचा हिशेब करून पाहू. ५० ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या एका भाकरीतून सुमारे ४० ग्रॅम पिष्ट मिळते. दोन भाकऱ्यांचे झाले ८०. त्यावर दोन लहान वाट्या, म्हणजे २०० ग्रॅम शिजलेला भात घेतला तर आणखी ५५ आणि बटाट्याच्या भाजीचे सुमारे १५. एकूण बेरीज १५० ग्रॅम! यात गोड पदार्थ एकही नाही.

"मग तांदळाऐवजी ज्वारीची भाकरी खातो," असे काहीजण म्हणतात. ज्वारी चांगलीच. तिच्यात तंतुमय भाग अधिक असतो. परंतु तेवढ्याच पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट असते. म्हणून धान्य बदलून तीन भाकऱ्या खाण्यापेक्षा एकच भाकरी खाणे अधिक उपयोगाचे. कोणते धान्य, यापेक्षा किती धान्य, हा प्रश्न मोठा आहे.

कप्प्यांची अदलाबदल

डब्याच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात भात आणि लहान कप्प्यात भाजी, ही आपली रीत. मधुमेहींनी ती उलटी करावी. मोठ्या कप्प्यात भाजी व काकडी-मुळा, दुसऱ्यात मासळी, अंडी किंवा उसळ आणि लहान कप्प्यात भाकरी किंवा भात. दोन्ही नव्हे, दोहोंपैकी एक. असा डबा साधारण ५० ते ६० ग्रॅम पिष्टात बसतो आणि पोटही भरते, कारण प्रथिने व तंतुमय पदार्थ भूक बराच वेळ थोपवून धरतात. सुरुवात भाजी व मासळीपासून करावी, भात-भाकरी शेवटी खावी. त्यामुळे रक्तशर्करा एकदम उसळत नाही.

या बाबतीत बंदरावरची माणसे नशीबवान आहेत. मासळीत पिष्ट जवळजवळ नसतेच. काही नमुने पुढे देत आहे:

१) एक भाकरी, दोन वाट्या शिराळ्याची किंवा भेंडीची भाजी, तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा, काकडी. माशाला रव्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा जाड थर लावू नये.

२) लहान वाटीभर भात, कोलंबी घातलेली वांग्याची भाजी, मुळ्याच्या पाल्याची भाजी.

३) दोन उकडलेली अंडी, कोबीची किंवा फरसबीची भाजी, एक भाकरी.

४) शाकाहाराच्या वारी वालाचे बिरडे किंवा मुगाची उसळ, पालेभाजी आणि अर्धी भाकरी. कडधान्यात प्रथिनांबरोबर पिष्टही असते, म्हणून भाकरी अर्धी. पनीर घेतल्यास एक भाकरी चालेल.

सुकट-बोंबील पौष्टिक आहेत, पण खारवलेली सुकी मासळी रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मासळी, अंडी, डाळी किती घ्यायच्या हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उपवासाच्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी देऊ नये. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते, आणि वर बटाटा!

आपल्या दमट हवेत शिजलेली मासळी लवकर खराब होते. डबा चार तासांहून अधिक काळ बंद राहणार असेल तर मासळीऐवजी सुकी भाजी व अख्खी, न सोललेली उकडलेली अंडी द्यावीत. अन्न वाफ जिरल्यावर भरावे. ओले खोबरे शक्यतो टाळावे.

गोळ्या तेवढ्याच ठेवून भात कमी करू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या रुग्णांचा डोस नेहमीच्या जेवणावर बेतलेला असतो. पिष्ट एकदम एक तृतीयांशावर आणले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यात ओहोटीमुळे लाँच खोळंबली किंवा पाळी लांबली आणि जेवणाची वेळ टळली, तर धोका दुप्पट. ट्रेलर चालवणाऱ्याच्या किंवा क्रेनवर बसणाऱ्याच्या बाबतीत हा प्रसंग त्याच्यापुरता राहत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्यावा आणि पिष्ट टप्प्याटप्प्याने कमी करावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही भीती फारशी नसते. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र भात-भाकरी पूर्णपणे कधीच बंद करू नये. त्यांच्या रक्तात घातक आम्ल साठण्याचा संभव असतो.

दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, डोके सुन्न होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली असेल किंवा यंत्र जवळ नसेल, तर लगेच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे व त्यानंतर डबा खावा. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. साखरेची पुडी खिशात कायम असावी. ती मधुमेहीचे औषधच आहे.

डबा बदलल्यावर जेवणानंतर दोन तासांनी रक्तशर्करा तपासून वहीत लिहून ठेवावी. बहुतेकांची ती १८० च्या आत असावी. आठवडाभराच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्यांना डोस ठरवताना तुमच्या "मी फार खात नाही" या वाक्यापेक्षा या वहीचा उपयोग अधिक होईल.

शेवटी डबा भरणाऱ्या घरच्या मंडळींना एक विनंती. मधुमेह्यासाठी वेगळे शिजवू नका. भाजी जास्त, भात बेताचा, हे जेवण घरातल्या सर्वांनाच मानवणारे आहे. मधुमेह पुष्कळदा घराण्यात चालत येतो, तेव्हा मुलांच्या डब्यालाही हाच नियम लावायला आजच सुरुवात करावी.