आपत्तीतील वैद्यकीय पथक आणि वार्ता-संपर्काचे काम

रुग्णालयाच्या आपत्ती-साहाय्य निधीस देणगी देणाऱ्या काही हितचिंतकांनी आम्हांस एक रास्त प्रश्न विचारला आहे. पूर, भूकंप किंवा मोठा अपघात घडलेल्या ठिकाणी जाणाऱ्या पथकाच्या गाडीत जागा मोजक्या असतात. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, औषधनिर्माता आणि चालक यांची गरज कोणालाही समजते. परंतु ज्याला सलाइन लावता येत नाही की जखम बांधता येत नाही, अशा वार्ता-संपर्क पाहणाऱ्या कार्यकर्त्यासाठी एक जागा राखून ठेवण्याचे प्रयोजन काय? त्या जागी आणखी एक परिचारिका नेली तर अधिक उपयोग होणार नाही का? देणगीचा रुपया रुग्णापर्यंत पोहोचावा ही अपेक्षा योग्यच आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

वार्ता-संपर्क म्हणजे संस्थेची प्रसिद्धी, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक प्रसिद्धी हा या कामाचा सर्वांत लहान भाग होय. आपत्तीत माणसे जशी ढिगाऱ्याने आणि पाण्याने मरतात, तशीच ती चुकीच्या किंवा उशिरा मिळालेल्या माहितीनेही दगावतात, हे त्याचे खरे कारण आहे.

मराठवाड्यातील माणसाला याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे जड छत यांखाली किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील हजारो माणसे गाडली गेली. 1992 पासून त्या परिसरात लहानमोठे धक्के जाणवत होते, ही गोष्ट पुढे अनेकांनी नमूद केली. नंतरच्या दिवसांत देशभरातून मदतीचा ओघ लागला आणि त्याबरोबर बघ्यांचाही लागला. ज्या अरुंद रस्त्यांनी जखमींना सोलापूर, लातूर व अंबाजोगाईच्या रुग्णालयांकडे न्यायचे, त्याच रस्त्यांवर वाहनांची कोंडी झाली. त्यात पाऊस. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. देणाऱ्यांच्या भावनेत काही कमी नव्हते. नेमके काय हवे, कोठे हवे आणि काय नको, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितले नव्हते.

त्या भूकंपातील मृतांचा आकडाही पाहावा. काही अहवालांत तो 7,928 आढळतो, काहींत 9,748. पहिल्या दिवसांतील अंदाज तर याच्या कितीतरी पुढे गेले होते. आकड्यात फरक पडतो त्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. कोणी सापडलेले मृतदेह मोजतो, कोणी बेपत्तांची त्यात भर घालतो, तर कोणी रुग्णालयात नंतर दगावलेल्यांनाही धरतो. गावकऱ्याने भांबावून सांगितलेली संख्या दुसऱ्या दिवशी मथळा होते. म्हणून पथकाच्या वार्ता-संपर्क कार्यकर्त्यास पहिला नियम घालून दिलेला असतो: आपल्या नोंदवहीत आहे तेवढेच सांगावे, आणि सांगताना वेळ सांगावी. ‘आज सायंकाळी सहापर्यंत आमच्याकडे इतके रुग्ण तपासले, इतके पुढे पाठवले,’ एवढेच. एकूण किती मेले हे सांगणे जिल्हा प्रशासनाचे काम आहे. वार्ताहराने कितीही आग्रह केला तरी आपण अंदाज देऊ नये. यामुळे बातमी थोडी नीरस होते, हे खरे आहे. आम्हांस ते चालते.

दुसरे काम ऐकण्याचे आहे, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे गाव जागेवर नसल्याचे प्रथम लक्षात आले ते एस.टी.च्या चालकाच्या. पहिली खबर बहुधा अशीच येते: चालकाकडून, दूधवाल्याकडून, शेतात मुक्कामी असलेल्या सालगड्याकडून. ती घेणारा, दोनदा विचारून पक्की करणारा आणि डॉक्टरांपर्यंत व तहसील कार्यालयापर्यंत पोहोचवणारा कोणीतरी मोकळा असावा लागतो. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभा असलेला डॉक्टर भ्रमणध्वनी उचलू शकत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रतिनिधीला ‘बाइट’ देण्यासाठी त्याला बाहेर बोलावणे तर सर्वथा गैर. पथकाने दिवसातून दोन ठरलेल्या वेळी एकाच व्यक्तीमार्फत माहिती द्यावी, म्हणजे जिल्हा पानाचे काम सायंकाळी बंद होण्याआधी तालुका वार्ताहरालाही त्याची बातमी मिळते आणि डॉक्टरांचे कामही अडत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. शहागड गोदाकाठी, अंबड तालुक्याच्या टोकाला वसले आहे. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याची हद्द लागते. नदीच्या वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. ऑगस्ट 2006 मध्ये धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग झाला आणि पैठण शहरासह गोदाकाठ पाण्याखाली गेला, ती आठवण या भागात अजून ताजी आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनेही काठावरच्या गावांची झोप उडवली होती. अशा वेळी ‘एक लाख क्युसेक पाणी सोडले’ असा निरोप येतो. त्याचा अर्थ किती घरांत समजतो? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. जालना जिल्ह्यातील माणसाला लिटरपेक्षा टँकर लवकर कळतो, कारण त्याने कितीतरी उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढले आहेत. त्या मापाने एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सुमारे 280 टँकर. तरीही निरोप एवढ्यावर पुरा होत नाही. पाणी आपल्या गावी किती वाजता पोहोचेल, कोणत्या वस्तीचा रस्ता आधी तुटेल, गरोदर स्त्रिया व डायलिसिसचे रुग्ण केव्हा हलवावेत, हे त्यात असले पाहिजे. ही माहिती पाटबंधारे खात्याकडून व तहसीलमधून घ्यायची आणि घरच्या भाषेत सांगायची.

ती कशाने सांगायची, हाही विचार करावा लागतो. आकाशवाणी व वृत्तपत्रे आहेत, भ्रमणध्वनीवरचे संदेश आहेत. पण पुराच्या रात्री वीज जाते आणि मनोरेही बंद पडतात. मग ग्रामपंचायतीचा, मंदिराचा व मशिदीचा ध्वनिक्षेपक बॅटरीवर चालू राहील याची तजवीज आधी करावी लागते, किंवा सरळ दवंडी. ऊसतोडीच्या हंगामात आलेली टोळी फडाच्या कडेला कोप्यांत राहते. तिचे नाव कोणत्याही यादीत नसते आणि तिच्यापर्यंत वर्तमानपत्र जात नाही. त्या कोप्यांपर्यंत माणूस पायी पाठवणे, हेही आम्ही प्रसार-माध्यमाचेच काम समजतो.

पूर ओसरल्यावर आरोग्याचे संदेश सुरू होतात आणि अफवाही. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने अनेकांचे बळी घेतले. साचलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसाला पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर त्याने तो अंगावर काढू नये, हा संदेश तेव्हापासून प्रत्येक पथक देते. पाणी उकळून वा क्लोरीन टाकून प्यावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, चोखू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात आणावे. अफवांत सर्वांत जुनी अफवा प्रेतांमुळे साथ पसरते ही आहे. भूकंप वा पुरात इजेने किंवा बुडून मेलेल्यांच्या देहांमुळे साथ पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. कॉलऱ्यासारख्या रोगाने मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. या भीतीपोटी घाईने सामूहिक दहन केले तर ओळख पटवणे राहून जाते, आणि मागे राहिलेल्यांना मृत्यूचा दाखला, वारसाहक्क, सानुग्रह मदत यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्यास आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण अफवा शिक्षेच्या भीतीने विरत नाही. खरी माहिती तिच्या आधी पोहोचावी लागते.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी दोन गोष्टी मुद्दाम लिहितो. दाखल झालेल्यांची यादी प्रथम नातेवाइकांसाठी फलकावर लागते, वृत्तपत्राकडे ती जात नाही. मृत्यूची वार्ता घरच्यांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्याखेरीज नाव बाहेर दिले जात नाही. मुलगा गेल्याचे आईने दूरचित्रवाणीच्या पट्टीवर वाचावे, ही वेळ कोणावर येऊ नये.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या अनुमतीविना प्रसिद्ध करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. रेडक्रॉस चळवळ व इतर साहाय्य संस्थांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेचे दहावे कलमही हेच सांगते: प्रसिद्धीत आपद्‌ग्रस्तांना केविलवाणे जीव म्हणून दाखवू नये, त्यांची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा राखावी. स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाने मान हलवली तर ती अनुमती नव्हे. वेदना थांबल्यावर, नातेवाइकांसमक्ष, ‘नाही म्हटलात तरी उपचारात फरक पडणार नाही’ हे सांगून घेतलेली तीच अनुमती. अनाथ झालेल्या बालकांचे चेहरे तर कोणत्याही कारणाने छापायचे नाहीत. रडणाऱ्या मुलाच्या छायाचित्राने देणग्या वाढतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही या अहवालाच्या पानांवर आपणांस इमारत, औषधांची खोली, पथकाची गाडी दिसेल. शुद्ध हरपलेला रुग्ण दिसणार नाही.

देणगीदारांना आवाहन करणे हेही याच कामात येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवल्यावरून बरीच टीका झाली, ती योग्यच होती. पण पाकिटात काय असावे याची चर्चा मात्र कमीच झाली. घरात उरलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी पाठवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 पासून सांगितले आहे की दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचतेवेळी निदान एक वर्ष शिल्लक असावी आणि त्यावरचे नाव तेथील वैद्यकीय कर्मचाऱ्यांना वाचता यावे. सुटी औषधे निवडून वेगळी करण्यात औषधनिर्मात्याचे तास जातात आणि अखेर ती जाळावी लागतात. म्हणून पथक पोहोचताच कार्यकर्ता गरजेची यादी पाठवतो आणि ती रोज बदलतो: पहिल्या दिवशी सलाइन व प्लास्टरचे सामान, चौथ्या दिवशी जलसंजीवनी, दहाव्या दिवशी कुबड्या. यादीत नसलेली वस्तू आम्ही नम्रपणे परत करतो.

कॅमेरे साधारण दुसऱ्या आठवड्यात निघून जातात. किल्लारी परिसरात 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. ते काम वर्षानुवर्षे चालले. मणक्याला इजा झालेल्या रुग्णाची शुश्रूषा तर त्याच्या आयुष्यभर चालते. ज्या महिन्यांत बातमी नसते त्याच महिन्यांत निधी आटतो. म्हणून पथक परतल्यानंतर तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात देणगीदारांस रुग्णांच्या स्थितीचे निवेदन, नावे वगळून, पाठवण्याची जबाबदारीही याच कार्यकर्त्यावर सोपवली आहे. त्याचा प्रवास, दूरध्वनी व टपाल यांवरील खर्च आपत्ती-साहाय्य निधीच्या जमाखर्चात औषधखर्चापासून वेगळा दाखवला आहे. तो पाहून काही शंका असल्यास विश्वस्त मंडळाकडे लेखी विचारावे. उत्तर लेखीच देण्यात येईल.